‘पिशवी काढा’ म्हणालेत, काय करू?

प्रश्न : मॅडम, माझं वय 33. तीन मुलं आहेत, कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालंय. आम्ही नवरा-बायको कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जातो. सहा महिन्यांपासून अंगावरून पांढरं जातंय, कंबर भरून येते. सोनोग्राफी केली तर डॉक्टर म्हणाले, गर्भपिशवीला सूज आहे, डाव्या बाजूला गाठ आहे, आत्ता काढली नाही तर पुढे कॅन्सर होईल. माझ्या दोन्ही जावांची काढलीय. मुकादम उचल (मजुरीवर आगाऊ पैसे) द्यायला तयार आहे. टोळी निघायच्या आत उरकून घ्यावं, असं घरचे म्हणतात. रिपोर्टची झेरॉक्स जोडलीय. काढू का?
– एक वाचक, गेवराई तालुका, जि. बीड

उत्तर : ताई, नका काढू. निदान या कागदाच्या भरवशावर तरी नाही.

रिपोर्टमध्ये पिशवीची लांबी 9 सेंटिमीटर लिहिली आहे. तीन बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी एवढी असतेच. डावीकडची ‘गाठ’ 2 सेंटिमीटरची आहे. अंडाशयात दर महिन्याला बीज तयार होताना एवढी पाण्याची पुटकुळी येते आणि आपोआप जिरते. शंका असेल तर पाळी झाल्यावर पुन्हा सोनोग्राफी करा.

पांढरं जाण्याचं कारण बहुतेक वेळा जंतुसंसर्ग असतं आणि त्यावर गोळ्या आहेत. फडात आडोसा नाही, धुवायला पाणी नाही, पाळीचं कापड वाळवायला जागा नाही, तिथे हा त्रास होणारच. काही प्रकारच्या संसर्गात नवऱ्यालाही गोळ्या घ्याव्या लागतात. (हे सांगितलं की बरेच नवरे दाराबाहेरच थांबतात, हा माझा नेहमीचा अनुभव.) कंबरेचं म्हणाल, तर तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या बाईची कंबर पिशवीमुळेच दुखते, असं मला कुणी पटवून दाखवावं.

आता कॅन्सर. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर सुरुवातीला सोनोग्राफीत दिसतच नाही. त्यासाठी आतून तपासावं लागतं. त्या तोंडाला कापसाच्या बोळ्याने पातळ ॲसिटिक ॲसिड लावतात आणि मिनिटभर थांबतात. लोणच्यातल्या व्हिनेगरसारखा वास येतो, थोडं चुणचुणतं. पांढरा डाग उमटला तर पुढची तपासणी, नाही उमटला तर निश्चिंत घरी जायचं. तिशी ओलांडलेल्या बायकांसाठी ही तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट असते. कॅन्सरची भीती घातली, पण ही तपासणी केली नाही, असं तुमच्या बाबतीत झालेलं दिसतं.

तुमच्या जिल्ह्याचा हा प्रश्न विधान परिषदेपर्यंत गेला होता. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वेळच्या पाहणीत बीडच्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली, म्हणजे साधारण सहांत एक. देशभरात 15 ते 49 वयाच्या बायकांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. ऊस तोडणाऱ्या बाईलाच हा आजार पाच-सहापट होतो, असं काही नाही. पाळीत खाडा पडतो, खाड्याला दंड बसतो, म्हणून पिशवीच नको, हा हिशेब मला कळतो. पण त्याचा खर्च पुढे निघतो. पिशवीबरोबर अंडाशयही काढले तर तिशीतच पाळी जाते. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, हाडं लवकर ठिसूळ होतात. अंडाशय ठेवले तरी पाळी जाण्याचं वय काही वर्षं अलीकडे येऊ शकतं. आणि ऑपरेशननंतर दीड-दोन महिने जड उचलायचं नसतं. टोळीत तेवढी सवड कोण देणार? शिवाय उचल फेडायची ती वेगळीच.

मी स्वतः पिशव्या काढते, काढाव्या लागतात. कॅन्सर असेल, अंग पार बाहेर आलं असेल, मोठ्या गाठींमुळे रक्त जाऊन हिमोग्लोबिन सारखं उतरत असेल आणि गोळ्या, हार्मोनची तांबी असे उपाय करूनही थांबत नसेल, तर काढायची. बाळंतपणात रक्तस्राव थांबेनाच, तर जीव वाचवायला काढायची. तुमच्या चिठ्ठीत यातलं एकही नाही.

जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजात जाऊन दुसरं मत घ्या. आधीच्या डॉक्टरांना विचारा, आजाराचं नाव काय, ते कागदावर लिहून द्या. बीडमध्ये त्या प्रकरणानंतर खासगी दवाखान्यांना असं ऑपरेशन करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला सांगितलं गेलं. तीही मागा.

प्रश्न : आईचं वय 58. पाळी जाऊन सहा वर्षं झाली. गेल्या महिन्यात दोनदा थोडा लाल डाग दिसला. ती म्हणते, उष्णतेने झालं असेल. डॉक्टरकडे नेलं तर पिशवी काढतील, म्हणून येत नाही.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : इथे मात्र घाई करा. पाळी गेल्यावर एक थेंब दिसला तरी तो तपासायचाच. गुलकंद खात बसायचं नाही. बहुतेकींना कॅन्सर निघत नाही, पण ज्यांना निघतो त्यांना सुरुवातीला दिसणारी खूण हीच असते. सोनोग्राफीत पिशवीच्या आतल्या अस्तराची जाडी बघतात; ते 4 मिलिमीटरपेक्षा जाड असेल, किंवा डाग पुन्हा दिसला, तर आतला छोटा तुकडा तपासायला पाठवतात. आईंना सांगा, आधी तपासणी. काढायची की नाही ते त्या रिपोर्टवर ठरेल. अस्तराचा कॅन्सर लवकर सापडला तर पिशवी काढणं हाच मुख्य इलाज आहे, आणि त्याने बहुतेक बायका पूर्ण बऱ्या होतात. या आठवड्यातच न्या. बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची पाकिटं सोबत घ्या, नावं आयत्या वेळी आठवत नाहीत.