मोबाईल बघतोय म्हणजे दुखत नाही असं नसतं

प्रश्न: मी कॅज्युअल्टीत नर्स आहे. सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असलेला एक मुलगा महिन्यात दुसऱ्यांदा आलाय, खूप दुखतंय म्हणतो पण बीपी, पल्स नॉर्मल आणि मोबाईल बघत बसलेला. खरं कसं ओळखायचं?

उत्तर: सिस्टर, विचारलंत हे फार बरं केलंत. हे दुखणं मोजायचं मशीनच नाही, बीपी नॉर्मल असू शकतो, आणि लहानपणापासून सोसलेली ही मुलं रडत नाहीत, मोबाईलमध्ये मन गुंतवतात, म्हणून पेशंट सांगतो तेच खरं धरायचं. या आजारात विळ्यासारख्या वाकड्या झालेल्या तांबड्या रक्तपेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढे ऑक्सिजन पोचत नाही, मग दुखणारच ना! पेशंट आल्यापासून १ तासाच्या आत पेनकिलरचा पहिला डोस मिळायला हवा, नंतर दर ३०-६० मिनिटांनी किती दुखतंय ते परत विचारा. ताप ३८.५ सेल्सिअस किंवा जास्त, छातीत दुखणं, धाप, यातलं काहीही असेल तर डॉक्टरांना लगेच बोलवा, या पेशंटची प्लीहा (इन्फेक्शनशी लढणारा पोटातला अवयव) नीट काम करत नाही त्यामुळे इन्फेक्शन झपाट्याने वाढतं. आणि ‘याला इंजेक्शनची सवय लागलीय’ असं वॉर्डात कुणी म्हणालं ना, तर तिथेच थांबवा प्लीज. वारंवार येतोय तर हायड्रॉक्सीयुरिया (असं दुखणं वारंवार येऊ नये म्हणून द्यायचं औषध) चालू आहे का, रोज घेतो का, हे विचारा.