छोट्या शाळेचं बातमीपत्र पालक वाचत नाहीत, त्यात काय छापावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शाळा खाजगी, छोटी, आठवीपर्यंत, जेमतेम अडीचशे मुलं. बातमीपत्राचे तीन अंक निघाले, पण पालक ते दप्तरातून बाहेरसुद्धा काढत नाहीत. मग त्यात छापावं तरी काय, आणि हा खटाटोप करावा का?

करावा. मी इंदूरला अशाच एका शाळेत शिकवत होते आणि आठ वर्षं तिथलं बातमीपत्र माझ्या गळ्यात होतं. गळ्यात म्हणते, कारण मी मागितलं नव्हतं; ‘तुमचं अक्षर चांगलं आहे’ एवढ्या भांडवलावर ते माझ्याकडे आलं. शाळा जुन्या वस्तीतली, माध्यम हिंदी. निम्मी मुलं घरी मराठी बोलणारी, म्हणजे आमची इंदुरी मराठी, ‘काय करून राहिला रे’वाली. बाकीची हिंदी-माळवी. पत्र चार पानांचं, तीन पानं हिंदी आणि शेवटचं मराठी.

पहिल्या वर्षाचे अंक अजून माझ्या कपाटात आहेत. पहिल्या पानावर दीपप्रज्वलन, आतल्या पानावर पुन्हा दीपप्रज्वलन. मुख्य अतिथी शाल घेताना, मुख्य अतिथी बोलताना, विश्वस्त मुख्य अतिथींकडे बघताना. एका अंकातले फोटो मी मोजले होते. चौदापैकी नऊ फोटोंत एकही मूल नाही, आणि एकात जी आहेत ती पाठमोरी. खाली मजकूर काय, तर कार्यक्रम उत्साहात संपन्न झाला. हे त्या मुख्य अतिथींच्या घरी तरी कोणी वाचलं असेल का, मला शंकाच आहे. तुमच्या तीन अंकांत असंच असेल असं मी म्हणत नाही, पण एकदा मोजून बघा.

आमच्याकडे बदल झाला तो ठरवून नाही. दुसऱ्या वर्षी पावसाळ्यातल्या एका अंकात शेवटच्या पानावर चार बोटं जागा उरली. शिपाईकाकांच्या खोलीत हरवलेल्या वस्तूंची पेटी असायची. मी तिच्यातल्या वस्तू जशाच्या तशा उतरवून काढल्या: डब्यांची झाकणं सात, रेनकोटची टोपी एक, रेनकोट नाही, डाव्या पायाचा काळा बूट, चष्म्याची काडी, कंपासपेटी, आत कंपास नाही, चिंचोके आठ. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधी त्या खोलीसमोर ही झुंबड. बुटासाठी तर एका मुलाचे वडील स्वतः आले. मुलगा पंधरा दिवस चपला घालून येत होता आणि शाळेने पावसाळ्यात बूट बंद केलेत असं घरी सांगत होता.

लोक वाचत नाहीत ही माझी समजूत तिथे मोडली. पत्र हातात आलं की आई-वडील त्यात एकच गोष्ट शोधतात, आपल्या पोराचं नाव, नाहीतर निदान आपल्या पोराचा बूट. ते सापडलं की मग बाजूचं वाचतात, शेजारच्यांच्या मुलाचं वाचतात, शेवटी मुख्याध्यापिकांचं मनोगतसुद्धा वाचून टाकतात.

म्हणून मी एक वही घातली. प्रत्येक वर्गाची हजेरीची यादी उतरवून घेतली आणि ज्याचं नाव अंकात आलं त्याच्यापुढे त्या महिन्याचा आकडा घालत गेले. डिसेंबरअखेर बघते तर त्रेसष्ट मुलं कोरी. वक्तृत्व घ्या, खो-खो घ्या, विवेकानंद जयंतीला आमच्या मध्य प्रदेशात शाळाशाळांतून होणारे सामूहिक सूर्यनमस्कार घ्या, स्नेहसंमेलन घ्या, सगळीकडे तीच पंचवीस-तीस नावं फिरत असतात. छोट्या शाळेत हे जास्त होतं, कारण शिक्षक कमी, आणि आयत्या वेळी कोणाला उभं करायचं हे त्यांना पाठ झालेलं असतं.

जानेवारीपासून मी त्या त्रेसष्टांच्या मागे लागले, आणि खऱ्या बातम्या त्यांच्याचकडे निघाल्या. चौथीतल्या एका मुलाला शाळेत येणाऱ्या सगळ्या व्हॅन आणि रिक्षांचे नंबर पाठ होते. कोणती व्हॅन कोणत्या दिवशी उशिरा आली तेही त्याने वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवलं होतं. ते आम्ही छापलं नाही, व्हॅनवाल्यांशी भांडण कोण घेणार. पण मुख्याध्यापिकांनी ते पान बघितलं आणि एका व्हॅनची वेळ बदलली. अंकात गेला तो त्याचा छोटा लेख: नंबर पाठ कसे करतो, कोणती रिक्षा आवाजावरून ओळखतो.

सहावीत एक मुलगी होती, वर्षभर तोंड न उघडणारी. तिच्या घरची पोह्यांची गाडी. तिने दहा ओळी लिहून आणल्या. पहाटे चारला घरातले दिवे लागतात, पोहे बाबा भिजवतात, कांदा ती आणि ताई चिरतात, पोह्यांवर टाकायचा जिरावन मसाला घरीच कुटतात. आणि एक ओळ अशी की ती वाचून शाळेतल्या सगळ्या मराठी आया भांडायला उठल्या: ‘काकू लोक कढईत परततात, आमचे पोहे वाफेवर राहतात, म्हणून मऊ असतात.’ छापायच्या आधी मी तिच्या आईला बोलावलं होतं, मुलीला पुढे वर्गात कोणी चिडवू नये म्हणून. आई म्हणाली, चिडवू दे, गाडी कोणत्या चौराह्यावर लागते तेपण लिहा. तो अंक पहिल्यांदा कमी पडला.

मुलांकडून लिहून घेताना मी तीनच गोष्टी विचारायचे: कोण, कुठे, आणि तू स्वतः काय बघितलंस. ‘उत्साहात’, ‘संपन्न’ आणि ‘मान्यवर’ हे शब्द फळ्यावर लिहून त्यांच्यावर काट मारून ठेवली होती. इंदूर २०१७ पासून स्वच्छ शहरांत वर्षामागून वर्ष पहिलं येतंय, त्यामुळे आमची मुलं स्वच्छतेवर निबंध झोपेतसुद्धा लिहितात. असा निबंध आला की मी परत करायचे आणि सांगायचे, सकाळी कचरागाडी येते तेव्हा दारात उभा राहा, काय होतं ते लिही. एकाने लिहिलं की आजीने ओल्या कचऱ्यात पिशवी टाकली म्हणून गाडीवाल्या भियाने बादली तशीच परत दिली, आणि आजी त्या भियाशी दोन दिवस बोलली नाही. मला असल्या चार ओळी दोन पानी निबंधापेक्षा बऱ्या वाटतात.

आता छपाईचं, कारण तुम्हीही दोन भाषांत काढणार म्हणताय. आमचा कंपोझिटर हिंदी. त्याच्या लेखी ळ हे अक्षर म्हणजे टायपिंगची चूक. दिसला ळ की कर ल. शाळेत काळे आडनावाची तीन मुलं होती, ती तिन्ही एका अंकात ‘काले’ झाली, कांबळ्यांचे ‘कांबले’ झाले आणि शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरांत ‘आमची शाला’. वर त्याचं म्हणणं, मॅडम, हमने तो सुधार दिया. काळ्यांच्या आजोबांनी तीन घरच्या सह्यांची चिठ्ठी पाठवली होती, ती मी फ्रेम करायला हवी होती. तेव्हापासून मराठी पानाचं प्रूफ मी दुकानात बसून तपासायचे आणि आधी फक्त ळ शोधायचे. मुलाचं नाव चुकलं तर बाकीचं पत्र वाया गेलं असं समजा. आदल्या दिवशी प्रत्येक नाव हजेरीपटाशी ताडून बघा.

दुसरी फजिती तिथीची. आम्ही ‘या महिन्यात’ असा रकाना सुरू केला आणि रंगपंचमीपुढे मराठी पानावर फाल्गुन वद्य पंचमी, हिंदी पानावर चैत्र कृष्ण पंचमी असं छापलं. दोन्ही बरोबर! आपला महिना अमावास्येला संपतो, इकडच्या पंचांगाचा पौर्णिमेला, म्हणून वद्य पक्षात महिन्याचं नाव बदलतं, दिवस तोच राहतो. अहिल्याबाईंची पुण्यतिथी आपल्याकडे श्रावण वद्य चतुर्दशी, इकडे भाद्रपद कृष्ण चतुर्दशी. राजवाड्याकडे पालखी निघते ती एकाच दिवशी. पण दोन्हीकडच्या आज्यांनी चूक पकडली म्हणून फोन केले. मी पुढच्या अंकात सातवीच्या दोन मुलींना, एक मराठी आणि एक माळवी, हे आपापल्या आजीला विचारून लिहायला लावलं.

त्यातूनच पुढे भोंडला आणि संजा एका पानावर आले. माळव्यात पितृपक्षात मुली भिंतीवर शेणाने संजा काढतात, फुलांनी सजवतात, रोज वेगळी आकृती आणि शेवटी मोठा किलाकोट. ती संपते आणि लगेच नवरात्रात आपला भोंडला. लिहिणाऱ्या त्या दोघी मुली एकाच बाकावर बसत होत्या आणि एकमेकींच्या अंगणात हे चालतं याचा पत्ता दोघींनाही नव्हता. त्या वर्षी शाळेत हत्तीच्या चित्राभोवती फेर धरला त्यात माळवी मुली जास्त होत्या. आणि शाळेच्या मागच्या भिंतीवर संजा काढायची परवानगी मिळवायला मला विश्वस्तांपुढे अर्धा तास बोलावं लागलं, कारण भिंत नुकतीच रंगवली होती.

सगळंच छापायचं नसतं, हेही सांगते. इंदूरची हुकुमचंद मिल ही कापडगिरणी १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली आणि कामगारांच्या थकलेल्या पैशांचा प्रश्न बत्तीस वर्षांनी, डिसेंबर २०२३ मध्ये सुटला. आमच्याकडे आठवीत एकाचे आजोबा तिथले. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत मिलच्या झाक्या, म्हणजे चित्ररथ, निघतात त्यांच्या कामातही ते असायचे. मुलाने आजोबांची मुलाखत आणली, फार चांगली. झाकीतली बाहुली मान हलवते ती आतून कशी फिरवायचे, त्याचं त्याने चित्रही काढलं होतं. पण सुरुवातच अशी की आजोबांना अमुक इतके पैसे मिळाले. आकडा मी काढला. मुलगा रागावला, म्हणाला, मॅडम, न्यूज तर तीच आहे. बरोबर होतं त्याचं! तरीही एका घरात आलेला पैसा शाळेच्या पत्रातून अडीचशे घरी सांगायचा नाही. हे मी त्याला समजावलं, पण पटलं असं काही दिसलं नाही.

तोच नियम फीचा आणि प्रवेशाचा. शिक्षण हक्क कायद्याखाली (आरटीई) खाजगी शाळेत पंचवीस टक्के जागांवर गरीब आणि वंचित घरांतली मुलं येतात. त्यांचा वेगळा फोटो, ‘आरटीईचे विद्यार्थी’ असा मथळा, गणवेश वाटपाचा सोहळा, यातलं काहीही छापू नका. कोण कशावर आलंय हे ऑफिसातल्या फाइलला माहीत असलं की पुरे.

फोटोंसाठी पालकांची लेखी संमती प्रवेशाच्या वेळीच घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूलच धरलंय आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती सांगितली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी कागदावरचं पत्र चार घरांत फिरतं, व्हॉट्सअ‍ॅपवरचं कुठे जाईल सांगता येत नाही. एका आईने ‘फोटो नको’ म्हणून लिहून दिलं होतं. कारण आम्ही विचारलं नाही. तिच्या मुलाचं चित्र छापलं, तो स्वतः नाही. पूर्ण नाव, फोटो आणि कोणत्या व्हॅनने येतो हे तिन्ही एकत्र कधीच देऊ नका.

खर्चाचं फार मनावर घेऊ नका. ए-थ्री कागद दोन्ही बाजूंनी छापून मधे घडी घातली की चार पानं होतात, काळं-पांढरंच ठेवा. पाच पानांचा मजकूर झाला तर एक पान काढा, तीन पानं वाढवत बसू नका. आणि दर महिन्याला काढायचा हट्ट सोडा, परीक्षेच्या दिवसांत तुमचेच हाल होतील. आम्ही वर्षाला सहा अंक काढायचो.

राहिले विश्वस्त. पहिल्या पानावरचे फोटो गेल्यावर आमचे एक वयस्कर विश्वस्त नाराज होते. बैठकीत म्हणालेसुद्धा की बाईंनी पत्राचा बाजार केला. मी काही बोलले नाही. पुढच्या अंकाची यादी करताना पेटीत एक छत्री निघाली, लाकडी मुठीची, मुठीवर त्यांच्या नावाची दोन अक्षरं कोरलेली. मी ‘हरवले-सापडले’त त्यांचं पूर्ण नाव घालून ती छापली, डब्याचं झाकण आणि मोजा यांच्या मधे. त्या अंकाच्या त्यांनी दहा प्रती जास्तीच्या मागवल्या.