एकाच तलावाची तीन नावं असतील तर मराठी विकिपीडियावर तीन पानं करायची का?

तुमच्या प्रश्नाचा गाभा असा: तुम्ही मराठी विकिपीडियावर नागपूरच्या तलावाबद्दल ‘शुक्रवारी तलाव’ हा लेख लिहिला. नंतर कोणीतरी ते पान ‘गांधीसागर तलाव’ या लेखाकडे वळवलं. आता तुमचं लेखन गेलं का, आणि असं वळवणं, म्हणजे पुनर्निर्देशन, कधी करायचं असतं, कधी नाही?

लेखन गेलेलं नाही. शोधपेटीत ‘शुक्रवारी तलाव’ टाका. ‘गांधीसागर तलाव’ उघडेल आणि मथळ्याखाली बारीक अक्षरात, तुम्ही शुक्रवारी तलाव या पानावरून इथे आलात, अशा अर्थाची ओळ दिसेल. त्या ओळीतल्या नावावर टिचकी मारा. तुमचं जुनं पान उघडेल. त्यावर आता एक बाण आणि दुसऱ्या लेखाचं नाव एवढंच दिसतं. तिथे ‘इतिहास’ दाबलं की तुमची प्रत्येक आवृत्ती तारीख-वेळेसह हजर. पान काढून टाकलं असतं तर तो इतिहास फक्त प्रचालकांना, म्हणजे जादा अधिकार असलेल्या संपादकांना, दिसला असता. वळवलेल्या पानाचा इतिहास कोणालाही वाचता येतो, म्हणून एकाच विषयाचे दोन लेख झाले की एक उडवण्यापेक्षा वळवणं केव्हाही चांगलं.

वळवण्याचा निर्णय मला पटतो. काम मात्र अर्धवट झालंय. रमण विज्ञान केंद्रासमोरचं ते पाणी एकच आहे; कागदोपत्री गांधीसागर, जुन्या नागपूरकरांच्या तोंडी शुक्रवारी, आणि जुम्मा तलाव म्हणणारेही पुष्कळ. तीन पानं ठेवली तर एकावर खोली, दुसऱ्यावर इतिहास, तिसऱ्यावर फोटो अशी फाटाफूट होते. एका पानावर कोणी चूक दुरुस्त केली तरी बाकीच्या दोन पानांवर ती तशीच राहते. पण वळवण्याआधी तुमच्या लेखातला संदर्भासह असलेला मजकूर तिकडे न्यायला हवा होता आणि तुमच्या चर्चापानावर दोन ओळी लिहायला हव्या होत्या. नवीन माणूस कष्टाने लेख लिहितो आणि एक दिवस पान गायब झालेलं पाहतो. कोणी काही सांगत नाही, म्हणून तो परत येत नाही. मराठीत लिहिणारे आधीच थोडे, त्यातला एकेक माणूस असा जाणं मला फार लागतं. तुम्ही मात्र जाऊ नका.

राहिलेलं काम तुम्ही स्वतः करू शकता. जुनी आवृत्ती उघडा, उपयोगाचे परिच्छेद संदर्भांसकट ‘गांधीसागर तलाव’मध्ये योग्य जागी बसवा आणि जतन करताना सारांशात ‘शुक्रवारी तलाव या पानावरील मजकूर विलीन केला’ असं स्पष्ट लिहा. ही ओळ गाळू नका. विकिपीडियावरचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ज्या परवान्याखाली असतो, त्यात मूळ लिहिणाऱ्याला श्रेय देणं बंधनकारक आहे आणि ते श्रेय पानाच्या इतिहासातच नोंदलेलं असतं. दुसऱ्या कोणाचं लेखन हलवताना तर हे कटाक्षाने पाळा.

आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात. ज्या नावावरून वाचक वळून येतो, ते नाव पोहोचलेल्या लेखाच्या पहिल्या-दुसऱ्या वाक्यात ठळक अक्षरात दिसलंच पाहिजे. ‘जुम्मा तलाव’ शोधणारी मुलगी ‘गांधीसागर’वर येऊन पडली आणि जुम्मा हा शब्द तिला कुठेच दिसला नाही, तर चुकीच्या जागी आलो असं समजून ती परत जाईल.

करायची रीत सोपी आहे. ज्या नावाचं पान नाही, त्या नावाने नवं पान उघडा आणि पहिल्याच ओळीत लिहा: #पुनर्निर्देशन [[गांधीसागर तलाव]]. त्या ओळीच्या आधी काहीही मजकूर नको, नाहीतर ती साधी ओळ म्हणून छापली जाईल. जतन करण्याआधी झलक पाहा.

आता कधी करावं. माझ्यापुरती मी एकच कसोटी ठेवली आहे: हे नाव टाइप करून माणूस खरंच येईल का, आणि आला तर ज्यासाठी आला ते त्याला मिळेल का? दोन्हीचं उत्तर होकारार्थी असेल तर बिनधास्त करा. लेखाचं शीर्षक कोणतं असावं यावर चर्चापानावर हवा तेवढा वाद घाला, तिथे नियम लागतात, संदर्भ लागतात. पुनर्निर्देशनाला तेवढा भार नसतो. उद्या चर्चेतून शीर्षक ‘शुक्रवारी तलाव’ ठरलं, तर ‘गांधीसागर’ तिकडे वळेल आणि वाचकाचं काही अडणार नाही.

शुद्धलेखनावरून सगळ्यात जास्त खटके उडतात, म्हणून त्यावर जरा थांबतो. ‘दीक्षाभूमी’ हे बरोबर. पण ‘दिक्षाभूमी’, ‘दीक्षाभुमी’ आणि हिंदी वळणाचं ‘दीक्षाभूमि’ लिहिणारे असंख्य आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जिथे धम्मदीक्षा घेतली, त्या जागेबद्दल वाचायला देशभरातून लोक येतात. त्यांच्या कीबोर्डवर पहिली वेलांटी पडली म्हणून त्यांना ‘असे पान नाही’ असं सांगायचं? काही जाणकार संपादक अशी पुनर्निर्देशनं ‘अशुद्ध’ म्हणून काढायला सांगतात. त्यांच्या शुद्धलेखनाच्या आग्रहाचा मला आदर आहे, पण इथे मला ते पटत नाही. चुकीच्या लेखनावरून बरोबर शीर्षकाकडे नेणारी वाट म्हणजे त्या चुकीला दिलेली मान्यता नव्हे. उलट वाचकाला बरोबर रूप तिथेच दिसतं. खुद्द आपल्या शहराचं नाव घ्या. १९६२च्या नियमांप्रमाणे गावाच्या नावातला ‘पूर’ दीर्घ, म्हणून ‘नागपूर’. पण विभक्ती लागली की ‘नागपुरात’, ‘नागपुरी’. रोज ऱ्हस्व लिहिण्याची सवय असलेल्या माणसाने शोधपेटीत ‘नागपुर’ टाकलं तर त्याला दोष कसा द्यायचा? शिवाय हिंदीत ते तसंच लिहितात आणि या शहरात निम्म्या पाट्या हिंदीत आहेत.

म्हणून प्रत्येक वेलांटी-उकाराची उलटापालट करून डझनभर नवी पानं मात्र तयार करू नका. जी चूक लोक खरोखर करतात, तेवढीच. खाचाखोचा याहून वेगळ्या ठिकाणी आहेत. ‘ॲ’ दोन प्रकारे टाइप होतो: एकसंध अक्षर म्हणून, किंवा ‘अ’ वर चंद्राची खूण देऊन. डोळ्याला दोन्ही हुबेहूब सारखे, संगणकाच्या लेखी मात्र दोन वेगळी शीर्षकं. पान समोर असून सापडत नाही अशी तक्रार आली की मी आधी हे तपासतो. तसंच ‘डॉ.’नंतरची मोकळी जागा. आपल्या विमानतळाच्या अधिकृत नावात ‘डॉ.’ आहे, ‘आंतरराष्ट्रीय’ आहे. कोणी जागा सोडतो, कोणी नाही, कोणी ‘अंतरराष्ट्रीय’ लिहितो. आणि ज्यांच्या तोंडी अजून ‘सोनेगाव विमानतळ’ आहे, त्यांच्यासाठी तेही नाव हवं.

आता कधी करू नये. नागपुरात ऑटोवाल्याला ‘मेडिकल’ म्हटलं की तो शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापाशी सोडतो, चौकाचंही नाव तेच. पण ‘मेडिकल’ हे शीर्षक त्या महाविद्यालयाकडे वळवू नका. उरलेल्या महाराष्ट्रात मेडिकल म्हणजे औषधांचं दुकान. ‘मेयो’चंही तसंच: आपल्याला इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आठवतं, दुसऱ्याला अजमेरचं मेयो कॉलेज, तिसऱ्याला अमेरिकेतलं मेयो क्लिनिक. अशा नावाला निःसंदिग्धीकरणाचं पान लागतं, म्हणजे या नावाचे कोणकोणते विषय आहेत त्याची छोटी यादी. ‘मेयो रुग्णालय, नागपूर’ हे शीर्षक मात्र खुशाल वळवा. तुमच्या तलावांपुरतं बोलायचं तर ‘तेलंगखेडी तलाव’ हे ‘फुटाळा तलाव’कडे वळवायला हरकत नाही, पण नुसतं ‘तेलंगखेडी’ नको. त्या नावाचा भागही आहे, देऊळही आहे. नुसतं ‘शुक्रवारी’सुद्धा नको, कारण इतवारी-बुधवारीसारखी ती इथल्या वस्तीचीही नावं आहेत.

यापेक्षा मोठं नुकसान दुसऱ्याच प्रकारात होतं आणि ते पटकन लक्षात येत नाही. समजा एका लेखात ‘सीताबर्डीची लढाई’ असा लाल दुवा आहे. लाल दुवा म्हणजे हा लेख अजून कोणी लिहिलेला नाही. तो डोळ्याला खुपतो म्हणून कोणीतरी ते शीर्षक ‘सीताबर्डी किल्ला’कडे वळवतो. दुवा निळा होतो, पान नीटनेटकं दिसतं. पण किल्ल्याच्या लेखात लढाईबद्दल एखादंच वाक्य असेल, तर वाचक रिकाम्या हाताने परत जातो. नोव्हेंबर १८१७मध्ये अप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य आणि ईस्ट इंडिया कंपनीची फौज यांच्यात झालेली ती लढाई नागपूरच्या इतिहासाची दिशा बदलणारी आहे. तिच्यावर स्वतंत्र लेख हवा. लाल दुवा दिसत राहिला असता तर कधीतरी कोणी इतिहासाचा विद्यार्थी तो लिहायला बसला असता. निळा झाल्यावर उणीव कोणाला दिसतच नाही. ज्याच्यावर स्वतंत्र लेख होऊ शकतो आणि जिथे वळवायचं तिथे त्याबद्दल पुरेसा मजकूर नाही, ते शीर्षक लाल राहू द्या.

नाव बदललेल्या संस्थांचं सांगतो. नागपूर विद्यापीठ १९२३मध्ये स्थापन झालं आणि २००५मध्ये त्याला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव मिळालं. लेख नव्या नावाने आणि ‘नागपूर विद्यापीठ’ तिकडे वळवलेलं, इथपर्यंत कोणाचा वाद नाही. पण पुष्कळ उत्साही संपादक मग इतर सगळ्या लेखांत शिरून जुन्या नावाचे दुवे बदलत सुटतात. ते करू नका. १९५०च्या दशकात पदवी घेतलेल्या माणसाने ती ‘नागपूर विद्यापीठा’चीच घेतली, त्याच्या चरित्रात आजचं नाव घालणं म्हणजे चालू असलेला दुवा दुरुस्त करण्याच्या नादात इतिहास चुकवणं आहे. पुनर्निर्देशन आहेच, दुवा योग्य जागी जातो.

शीर्षक बदलायचं असेल तेव्हा मजकूर कॉपी करून नव्या पानावर चिकटवू नका. स्थानांतरणाची सोय वापरा. तिने पानाचा इतिहास सोबत जातो आणि जुनं नाव आपोआप पुनर्निर्देशन होऊन मागे राहतं. हव्या त्या नावावर आधीच पुनर्निर्देशन बसलेलं असेल, ते तुमच्याच पानाकडे वळत असेल आणि त्याच्या इतिहासात तेवढा एकच बदल असेल, तर स्थानांतरण तुम्हालाही जमतं. एरवी प्रचालकांना विनंती करा.

स्थानांतरणानंतर ‘येथे काय जोडले आहे’ जरूर उघडून बघा, कारण विकिपीडियाची प्रणाली एकाच टप्प्यापर्यंत वळते. उदाहरणार्थ ‘व्हीआरसीई’ हे शीर्षक ‘विश्वेश्वरय्या रीजनल कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग’कडे वळवलेलं आहे, आणि ते पान पुढे कोणी ‘विश्वेश्वरय्या राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था’ या नावावर हलवलं. आता ‘व्हीआरसीई’ टाकणारा माणूस मधल्या पानावर अडकतो. समोर बाण दिसतो, पण लेख नाही. सांगकामे, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम (बॉट), अशी दुहेरी पुनर्निर्देशनं सरळ करतात खरे, पण त्यांची फेरी होईपर्यंत वाचकाला ताटकळत का ठेवायचं? ‘व्हीआरसीई’चं पान उघडून त्यातला दुवा थेट शेवटच्या शीर्षकाचा केला की झालं.

लेखाच्या एखाद्या विभागाकडेही वळवता येतं. ‘बडग्या’ शोधणाऱ्याला नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीतले ते पुतळे हवे असतात. मारबतीच्या लेखात त्यांच्यावर विभाग असेल तर #पुनर्निर्देशन [[मारबत#बडग्या]] असं लिहा. यात एक धोका आहे. पुढे कोणी त्या विभागाचं नाव बदललं, तर वाचक लेखाच्या माथ्यावरच येऊन थांबतो. म्हणून विभागाच्या मथळ्याखाली, फक्त संपादकाला दिसेल अशी टिप्पणी टाकून ठेवा की इथे ‘बडग्या’ वळवलेलं आहे. आणि बडग्यांवर स्वतंत्र लेख लिहिण्याइतके संदर्भ ज्या दिवशी हाती लागतील, त्या दिवशी तीच पुनर्निर्देशनाची ओळ पुसून तिथे लेख लिहायला सुरुवात करायची. नवं पान काढावं लागत नाही.