शिक्षा म्हणजे समाजाने घेतलेला सूडच का? शिक्षेची कल्पना आली कुठून?

माझ्या मते नाही. उलट सुडाला आवर घालायलाच शिक्षा आली. बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्यात (सुमारे इ.स.पू. १७५०) ‘डोळ्याबद्दल डोळा’ आहे, म्हणजे एका डोळ्यापायी अख्खं घराणं संपवायचं नाही. गुलामाचा डोळा मात्र पैशांवर भागायचा, हा अन्यायही लक्षात ठेवा. त्याहून जुन्या, सुमेरमधल्या ऊर-नम्मू राजाच्या कायद्यात इजेची भरपाई चांदीत होती.

तुरुंगवास हीच मुख्य शिक्षा, हे बरंच अलीकडचं. अठराव्या शतकाच्या शेवटापासूनचं. माणूस सुधारावा हा हेतूही तेव्हापासून बळावला. आमच्या नाशिकरोड कारागृहात कैदी गणेशमूर्ती घडवतात, त्यामागे तोच विचार आहे.

शिक्षा किती असावी, याबद्दल मला कौटिल्य पटतो: कठोर दंडाने लोक बिथरतात, सौम्य दंडाला जुमानत नाहीत, योग्य दंडालाच मान देतात.