ज्वालामुखीजवळ जमिनीत वीज सोडून केलेल्या सर्वेक्षणात रोधकता (जमीन विजेला किती अडवते ते) कमी आली, म्हणजे खाली गरम पाणी आहे असं समजायचं का?

नाही. रोधकता गरम पाण्याने कमी होते, खाऱ्या पाण्याने होते आणि चिकणमातीने तर फारच होते. उलट सगळ्यात तापलेल्या भागात ती कित्येकदा वाढलेली सापडते.

आइसलँडमधली भूऔष्णिक क्षेत्रं घ्या. बेसाल्टमध्ये गरम पाणी मुरत राहिलं की साधारण २०० अंश सेल्सिअसपर्यंत स्मेक्टाइट नावाचं चिकणमातीचं खनिज तयार होतं आणि रोधकता १० ओहम-मीटरच्याही खाली येते. २३०-२४० अंशांच्या पुढे त्याची जागा क्लोराइट हे कमी वाहक खनिज घेतं, मग आकडा पुन्हा चढतो. म्हणून छेदात, म्हणजे जमिनीच्या उभ्या कापाच्या चित्रात, वर वाहक टोपी आणि तिच्या पोटात रोधक गाभा दिसतो. ड्रिलिंग करणाऱ्यांना रस असतो तो या गाभ्यात. पण मेख अशी, की खडक थंड झाला तरी खनिजं तशीच राहतात. हजारो वर्षांपूर्वी विझलेलं क्षेत्रही अगदी असंच दिसेल.

वाफेचं गणित वेगळं. वाफ वीज वाहून नेत नाही. इटलीतल्या पोत्सुओलीजवळच्या सोल्फतारा या ज्वालामुखी विवरात फांगाया हे चिखलाचं डबकं फारच वाहक आहे, तर जमिनीखाली वायूने भरलेले भाग रोधक दिसतात. नुसता छेद पाहिला तर ते कोरड्या खडकासारखेच वाटतील. त्यामुळे त्याच रेषेवर स्वयंविभव (जमिनीत आपोआप तयार होणारा व्होल्टेज), जमिनीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड आणि हातभर खोलीवरचं तापमान मोजलंच पाहिजे. प्रेरित ध्रुवीकरण, म्हणजे प्रवाह बंद केल्यावर जमिनीत थोडा वेळ उरणाऱ्या व्होल्टेजची मोजणी, जमलं तर उत्तम, चिकणमाती आणि खारं पाणी वेगळं काढायला तेच कामी येतं.

आता मोजणी. दर १० मीटरवर एक असे ४८ इलेक्ट्रोड (जमिनीत ठोकलेल्या धातूच्या सळ्या) म्हणजे ४७० मीटरची रेषा, आणि भरवशाची खोली तिच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढी, ८०-९० मीटर. खरी डोकेदुखी संपर्काची. कोरड्या लाव्हावर किंवा सैल राखेत संपर्करोध (इलेक्ट्रोड आणि जमीन यांच्यामधला रोध) दहा-वीस किलोओहमवर जातो, प्रवाह मोजके मिलिअँपियर उरतो आणि आकडे उड्या मारतात. इलेक्ट्रोडभोवती बेंटोनाइट या फुगणाऱ्या चिकणमातीचा चिखल आणि मिठाचं पाणी घाला, पण शेजारच्या दोन इलेक्ट्रोडांची ओल एकमेकींना भिडू देऊ नका. काही मोजण्या प्रवाह सोडणारे आणि विभव (व्होल्टेज) मोजणारे इलेक्ट्रोड यांची अदलाबदल करून पुन्हा घ्या. पाच टक्क्यांहून जास्त फरक पडला तर मी ते आकडे टाकून देतो. तारेवर शेकडो व्होल्ट असतात, पर्यटकांच्या वाटेवर माणूस उभा करा.

प्रत्येक इलेक्ट्रोडची उंची मोजून उलटगणनेत (मोजलेल्या आकड्यांवरून जमिनीखालचं चित्र काढणाऱ्या गणितात) घातली नाही, तर द्विध्रुव-द्विध्रुव मांडणीत (प्रवाहाची एक जोडी आणि विभवाची एक जोडी वेगवेगळी ठेवतात ती) दरीखाली कमी रोधकतेचा खोटा पट्टा उमटतो. अशा पट्ट्याला लोक खुशाल गरम पाण्याचा मार्ग ठरवतात.

आपल्याकडे बोअरची जागा शोधायला श्लुंबर्जर पद्धत (चार इलेक्ट्रोडांची रोधकता मोजणी) वापरणाऱ्यांना हा घोळ वेगळ्या रूपात माहीत असेल: दोन बेसाल्ट प्रवाहांमधला तांबडा मातकट थरही पाण्यासारखाच कमी आकडा देतो.

किलोमीटरच्या पलीकडची खोली हवी असेल तर तारा लांबवत बसू नका, पृथ्वीच्या नैसर्गिक विद्युत-चुंबकीय लहरी मोजणारी मॅग्नेटोटेल्युरिक पद्धत वापरा. आणि आजचं तापमान किती, याचं उत्तर शेवटी तापमान मोजण्यासाठी खणलेल्या विंधन विहिरीतूनच मिळतं.