"मॅडम, हा शॉकच ना शेवटी?"

खुर्चीत नीट बसायच्या आतच त्या ताईंनी हे विचारलं आणि फोन माझ्यासमोर धरला. कुठल्याशा केंद्राची जाहिरात होती. चुंबकाने व्यसनमुक्ती, तीस सिटिंगचं पॅकेज, शंभर टक्के गॅरंटी. एफडी मोडायची तयारी झालेली होती. अडलं होतं एवढ्यावरच, की पोराच्या मेंदूला काही झालं तर?

मुलगा चोवीस वर्षांचा, डोंबिवलीहून अंधेरीला नोकरीला जाणारा. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) दीड वर्षापासून एमडी, म्हणजे मेफेड्रोन. पगार झाला की दोन-तीन रात्री टक्क जागा, मग मेल्यासारखी झोप, आणि उठल्यावर कुणाशी बोलणं नाही. हे द्रव्य 2015 साली एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आलं, पण "ते काय खरं ड्रग नाही" हे वाक्य पोरांच्या तोंडी अजून असतंच.

शॉकचं आधी मिटवलं. शॉक म्हणतात त्या उपचारात भूल देऊन, विजेने मुद्दाम फिट आणतात. योग्य आजारात तोही चांगला उपचार आहे, सिनेमांनी त्याला उगीच बदनाम केलंय. जाहिरातीतला चुंबकाचा उपचार, म्हणजे टीएमएस, वेगळं. माणूस जागा, खुर्चीत बसलेला. डोक्याला कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, टेकवतात, तिच्यातून चुंबकीय ठोके जातात आणि कवटीखालच्या थोड्याशा भागात अगदी सौम्य प्रवाह तयार होतो. 1985 मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डला अँथनी बार्कर यांनी हे यंत्र पहिल्यांदा दाखवलं. अमेरिकेत 2008 मध्ये नैराश्यासाठी आणि 2020 मध्ये सिगारेट सोडण्यासाठी त्याला मान्यता मिळाली.

"मग एमडीसाठी?"

नाही. कोकेन, मेथ (मेथॲम्फेटामाइन), एमडी, यातल्या कशासाठीच तिथे ती मान्यता नाही. 2013 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं, की मेंदूच्या पुढच्या भागाला चेतवलं तर कोकेनमागे धावणं कमी होतं. त्याच धाग्यावर इटलीत 32 कोकेनग्रस्तांवर अभ्यास झाला, तो 2016 मध्ये छापून आला. निकाल आशा वाटावी असा होता, पण माणसं थोडी आणि खोट्या कॉइलशी तुलना नाही. ज्यांना नवं यंत्र लावलं त्यांना ते ठाऊकच होतं. चीनमध्ये मेथ घेणाऱ्यांवर बरेच प्रयोग झाले, त्यांत ओढ कमी झाल्याचं दिसलं. ओढ कमी होणं आणि व्यसन सुटणं यांत मात्र केवढं तरी अंतर आहे. गॅरंटी लिहिणाऱ्याने ते एका ओळीत ओलांडलं होतं. त्या पॅकेजला मी स्पष्ट नको म्हटलं आणि त्यांना माझ्या ओळखीच्या मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं.

तिथे ताई, त्यांचे मिस्टर आणि मुलगा, या तिघांसोबत मीही होते. टीएमएस करून बघायचंच तर आधी नीट तपासून, म्हणून डॉक्टरांनी विचारलं, डोक्यात धातूची पट्टी, कानात इम्प्लांट, पेसमेकर? दारू किती? झोप? कधी फिट, आकडी? ताई चटकन म्हणाल्या, "छे, कधीच नाही." बाहेर आल्यावर त्यांनी मला जिन्यापाशी ओढलं. "तीन वर्षांचा असताना तापात एकदा आकडी आली होती. ह्यांनाही सांगितलेलं नाही हो. उद्या लग्न जमवताना कुणी काढलं तर?"

या उपचारात फिट येणं फारच दुर्मीळ. पण तिचीच काळजी सगळ्यात जास्त घ्यायची असते, आणि जागरण, दारू, एमडी हे तिन्ही तो धोका वाढवतात. मी त्यांना हाताला धरून परत आत नेलं. डॉक्टर रागावले नाहीत. ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख, काढला, आधी तीन आठवडे एमडी बंद आणि झोप रुळावर आणायला सांगितली, "हा प्रयत्न आहे, हमी नाही" असं सांगून कागदावर सह्या घेतल्या आणि मग सुरुवात केली.

पहिल्या दिवशी ठोक्याची ताकद ठरवतात. कॉइल डोक्यावर सरकवत एक जागा शोधतात, तिथे ठोका बसला की हाताचा अंगठा आपोआप उडतो. याचा उडाला. परत उडाला. "आई, बघ, मी नाही करत आहे!" तो हसला. दीड वर्षात त्याला हसताना पाहिलं नव्हतं, असं ताई नंतर म्हणाल्या. पुढे कॉइल कपाळाच्या वर डाव्या बाजूला आली. लाकडावर सुतारपक्ष्याने चोच मारावी तसा टकटक आवाज, म्हणून कानात बोळे. दोन दिवस डोकं दुखलं, एका क्रोसिनवर भागलं.

वीस सिटिंग झाली. झोप सुधारली, "डोक्यात सारखं वाजायचं ते कमी झालं" असं तो म्हणायचा. चुंबकामुळे की तीन आठवड्यांच्या विश्रांतीमुळे, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. कारण बाकीचं कामही चालूच होतं: पगार वडिलांच्या खात्यात, जुने नंबर ब्लॉक, दर आठवड्याला माझ्याकडे, आणि लघवीची तपासणी स्वच्छ आली की ठरलेलं छोटं बक्षीस. एमडीसारख्या उत्तेजक द्रव्यांच्या व्यसनात बक्षिसाच्या पद्धतीला सगळ्यात भक्कम पुरावा आहे, पण तिची जाहिरात कोण करणार? (तपासणी लॅबमधूनच करा. मेडिकलमधल्या साध्या पट्टीवर एमडी सापडेलच असं नाही.)

मला जास्त वेळ लागला तो ताईंसोबत. त्या एकदा बोलून गेल्या, "मशीननेच बरा झाला असता तर बरं होतं. मग मला परत त्याच्यावर विश्वास ठेवायची वेळच आली नसती." रोज रात्री त्या त्याची उशी, बूट, चार्जरचा डबासुद्धा उघडून बघायच्या.

दुसऱ्या महिन्यात एका मित्राच्या वाढदिवसाला तो घसरला. एकदाच. पुढच्या पगाराला त्याच मित्राचा नव्या नंबरवरून फोन आला, हा निघालाही, आणि ठाण्याला गाडीतून उतरून त्याने घरी फोन लावला. "आई, मी प्लॅटफॉर्मवर बसलोय. बोलत राहा." ताईंना काय बोलावं सुचेना. त्यांनी भाजीचे भाव सांगितले, शेजारच्यांच्या गळक्या टाकीचं सांगितलं, वीस मिनिटं.

"आला मग घरी," त्या मला म्हणाल्या. "जेवला, झोपला. बॅग मात्र तपासली हं मी."