मुलांना इंजिनिअरिंग दाखवायचं कसं?

प्रश्न : मुलगी नववीत आहे, आम्ही ऐरोलीला राहतो. पंखा, इस्त्री, मिक्सर काहीही बंद पडलं की ही स्क्रूड्रायव्हर घेऊन बसते, पण गणितात मार्क साठ-पासष्टच. नातेवाईक म्हणतात कॉम्प्युटरला घाला, क्लासवाले म्हणतात जेईईचं फाउंडेशन आत्ताच लावा. आम्ही दोघंही कॉमर्सचे, आम्हाला यातलं काही कळत नाही. तिला विचारलं काय व्हायचंय, तर म्हणते माहीत नाही. काय करावं?
– एक आई, ऐरोली

उत्तर : ताई, तिचं "माहीत नाही" अगदी खरं आहे, त्याचं टेन्शन घेऊ नका. डॉक्टर, शिक्षक, पोलीस मुलांना रोज दिसतात, इंजिनिअर मात्र कंपनीच्या गेटच्या आत असतो, मग तो दिवसभर काय करतो हे तिला कळणार कुठून? कोर्सची नावं नंतर बघू, आधी तिला कामं दाखवा. तुमच्या घरापासून रबाळे, महापे, तुर्भ्यापर्यंत सगळी एमआयडीसीच आहे, बिल्डिंगमध्ये नाहीतर नात्यात कोणीतरी तिथे कामाला असेलच. त्यांना चहाला बोलवा आणि प्रश्न मुलीलाच विचारू द्या, पगार किती वगैरे नको, काल दिवसभर काय केलंत, कुठे अडलं, कंटाळा कशाचा येतो, असं. त्यात एखादी बाई इंजिनिअर आणि एखादा आयटीआय केलेला मेंटेनन्सवाला असलाच पाहिजे, हे मी आग्रहाने सांगते.

आणि एक ट्रिप नक्की करा. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, 28 फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे लोकांसाठी प्रदर्शन असतं, निघायच्या आधी त्या वर्षीच्या तारखा बघून घ्या. 45 मीटर व्यासाच्या 30 डिश आहेत, आणि गंमत म्हणजे त्या पत्र्याच्या नाहीत, बारीक तारेच्या जाळीच्या आहेत. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी या डिश पकडतात, त्या लहरींची लांबी जास्त असते म्हणून त्यांना जाळीही पुरते, आणि वारा आरपार जातो म्हणून एवढी मोठी डिश हलकी आणि स्वस्तात उभी राहू शकली. आकाशाचा अभ्यास करायचा म्हटलं तरी लोखंडाचं काम करणारा लागतो, मोटर फिरवणारा लागतो, इलेक्ट्रॉनिक्सवाला लागतो आणि सॉफ्टवेअर लिहिणारा पण, हे तुमच्या मुलीसारख्या उघडून बघणाऱ्या पोरीला तिथे समोर दिसेल. तेवढं लांब जमत नसेल तर वरळीचं नेहरू सायन्स सेंटर वर्षभर आहेच. आणि ऐरोलीतच खाडीवरचं जैवविविधता केंद्र आहे, फ्लेमिंगो बघायला सगळे जातात, पण खाडीच्या पाण्याचा, चिखलाचा अभ्यास करणं हेसुद्धा करिअर आहे हे तिला तिथे सांगा.

गणिताचं स्पष्ट सांगते, इंजिनिअरिंगला ते लागतंच. पण साठ मार्क म्हणजे दार बंद असं मुळीच नाही, नेमकं अडतंय कुठे ते शोधा, बऱ्याचदा सातवी-आठवीचं बीजगणित कच्चं राहिलेलं असतं. फाउंडेशन क्लास ती स्वतः मागत नसेल तर माझ्या मते नववीत नकोच. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा आणि मग डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश हा रस्ता पण आहे, हाताने काम आवडणाऱ्यांना तो छान जमतो, त्याला कमी लेखू नका. हो, आणि उघडायच्या आधी प्लग काढायचा हा नियम घरात पक्का करा, मायक्रोवेव्ह आणि जुना डब्बा टीव्ही तर अजिबात उघडायचा नाही, प्लग काढल्यावरही त्यात जोरदार करंट राहू शकतो.

प्रश्न : वागळे इस्टेटमधल्या कंपनीतून मेकॅनिकल इंजिनिअर म्हणून रिटायर झालोय. सोसायटीतल्या मुलांना मार्गदर्शन करावंसं वाटतं, भाषण द्यावं का?
– एक आजोबा, ठाणे

उत्तर : काका, मनापासून आनंद झाला, पण भाषण नको. जुनं बेअरिंग, तुटलेला गिअर, बारीक मापं घ्यायचं एखादं व्हर्निअर असं सामान घेऊन बसा आणि मुलांच्या हातात द्या, गिअर तुटला कशाने हे त्यांनाच ओळखू दे, चुकलं तरी लगेच उत्तर सांगू नका. तुमच्याकडे मशीन बंद पडल्याचे, रात्री दोनला फोन आल्याचे किस्से असतीलच, ते सांगा. पहिल्यांदा दहा-बाराच मुलं घ्या. आणि मुलींच्या घरी स्वतः जाऊन बोलावणं करा, कारण नुसती नोटीस लावली की बहुतेक वेळा मुलगेच येतात.